जळगावात भाड्याचा फ्लॅट घेताना आधी गच्चीवर जा

फ्लॅट पाहायला दुपारी चारला जा. सकाळी जळगावातलं कुठलंही घर गारच लागतं. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती धग मध्यरात्रीपर्यंत खोल्यांत उतरत राहते. चार मजली इमारतीत दुसरा मजला सगळ्यात सोयीचा. वरचाच मिळत असेल, तर स्लॅबवर उष्णता परतवणारा पांढरा रंग आहे का ते पाहा; नसेल तर तो लावून द्यायचं घरमालकाकडून टोकन देण्याआधी कबूल करून घ्या. पश्चिमेची उघडी भिंत बेडरूमची असेल तर ती खोली दिवसा सामानाला वापरावी लागते.

कूलर कुठे बसेल तेही तेव्हाच ठरवा. तो खिडकीबाहेर हवा, त्यासाठी ग्रिल किंवा स्टँड पाहिजे, आणि समोरची खिडकी उघडता आली पाहिजे. आत आलेली हवा बाहेर पडली नाही तर खोलीत नुसता ओलावा साठतो, गारवा येत नाही. एसी लावायचा असेल तर १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आहे का ते बघा.

आता पाणी, आणि इथे घाई अजिबात करू नका. शहराला वाघूर धरणाचं पाणी मिळतं, पण नळ रोज येत नाही. म्हणून किती दिवसांआड येतो, किती वाजता येतो आणि खालच्या टाकीतून वर चढवायची मोटर कोण लावतं, हे तिन्ही विचारा. मग गच्चीवर जाऊन टाकीची लिटरची मापं वाचा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चौघांना ५४० लिटर लागतात. नळ दिवसाआड असेल तर तुमच्या वाट्याला किमान ११०० लिटर यायला हवेत, आणि उन्हाळ्यात कूलरचे रोजचे पन्नासेक लिटर वेगळे. १०,००० लिटरच्या टाकीवर १२ फ्लॅट असतील तर वाट्याला ८३३ येतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी ओढाताण ठरलेली. वापरायला बोअरचं पाणी असेल तर नळाच्या तोंडावर पांढरा थर दिसतो का ते पाहा. तसं जड पाणी कूलरच्या गवतावर आणि गिझरच्या कॉइलवर बसतं. शेजारच्या वहिनींना एकच प्रश्न विचारा: गेल्या मे महिन्यात टँकर मागवले का, आणि पैसे कोणी दिले?

गच्चीची चावीही मागून घ्या. उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबडे वाळवायला जागा हवीच, आणि मे महिन्यात रात्री अंथरूणही तिथेच पडतं. काही इमारतींत गच्ची वरच्या फ्लॅटवाल्याच्या ताब्यात असते. हक्क करारात लिहिलेला असला म्हणजे वाद उरत नाही.

विजेचा मीटर स्वतंत्रच हवा. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर वाढत जातो. दोन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असली की दोघांची मिळून युनिटं वरच्या टप्प्यात जातात आणि प्रत्येकाला महाग पडतं. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक घेऊन जुनी थकबाकी तपासा आणि राहायला जाण्याच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा.

जागा कामावरून ठरवा. बांभोरीला विद्यापीठात जायचं असेल तर पिंप्राळा, खोटेनगरची बाजू बरी. एमआयडीसीत काम असेल तर अजिंठा चौफुलीकडची. उलट बाजूला राहिलात तर रोज सगळं शहर ओलांडावं लागतं.

करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "नोटरी पुरे" असं एजंट म्हणाला तर ऐकू नका. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं, तेही एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर. भाडं ८,००० आणि डिपॉझिट ३०,००० धरलं तर शुल्क सव्वादोनशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधारवर अंगठा देऊन ही नोंदणी घरबसल्या होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही देऊन ठेवा.

करारात तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्या: घर सोडताना रंगकामाचे पैसे कापायचे की नाही, मोटर बिघडल्यास खर्च कोणाचा, आणि डिपॉझिट कधी परत मिळणार. "नंतर बघू" यावर थांबू नका. चावी परत देण्याच्या दिवशीच, शेवटचं वीजबिल वजा करून, खात्यात जमा, अशी तारखेसह ओळ हवी.