भांडणाची कविता लिहिताय? मग या चुका टाळा

घरातल्या वादावर लिहायला बसलेला नवखा कवी आधी यमक शोधतो आणि तिथेच घोळ होतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे गेली-केली-नेली फुकटात मिळतं आणि फुकट मिळालं की माणूस थांबत नाही. एकाने दोन भावांच्या वाटणीवर कविता वाचली. पहिल्या कडव्यात वहिनी रुसून गेली, दुसऱ्यात आईने मध्यस्थी केली, तिसऱ्यात आत्या मेली. आणि चौथ्यात आत्या परत हजर, हिस्सा मागतेय! विचारलं तर म्हणे, "यमकासाठी मारली हो." वाटणी राहिली बाजूला, सगळे हसून बेजार.

मी आधी भांडण जसं तोंडातून निघालं तसं गद्यात लिहून काढते, त्यातलं सगळ्यात जास्त लागणारं वाक्य धरते आणि मग त्याच्या शेवटच्या शब्दाला जोड शोधते, क्रियापद मध्ये ढकलून नाम शेवटी आलं तर उत्तमच. यमकांची तयार यादी समोर ठेवून बसणाऱ्यांना मी हल्ली काही सांगत नाही, त्यांना घाई असते.

अष्टाक्षरीत भरतीचे हो, रे, गं नकोत. "बंद खोलीतली आई" आठ अक्षरं, एकही फालतू नाही. "दादा चिडला भारी हो" हीपण आठच, पण तो "हो" कुणासाठी?

जोडाक्षर एकच अक्षर मोजा. (कितीदा सांगायचं!)

भुजंगप्रयात हे वृत्त भांडणाला नको असं आपलं माझं मत. ती लगागा लगागा चाल (ल म्हणजे लघु अक्षर, गा म्हणजे गुरू) मनाच्या श्लोकांची, ऐकणारा नकळत हात जोडून बसतो.

मुक्तछंद म्हणजे सुटका नव्हे, तिथेही लय लागतेच.

आता पालुपद. भांडणात लोक तेच तेच बोलतात, म्हणून इथे ते चपखल बसतं, पण बहुतेक जण ते प्रत्येक कडव्याखाली नुसतं चिकटवतात आणि तिसऱ्यांदा आलं की ऐकणारा मोबाईल काढतो. शब्द तेच ठेवा, बोलणारा बदला. "माझं कोण ऐकतंय" आधी बाबा ओरडून म्हणतात, मग आई भांडी आवरताना पुटपुटते, मग पोरगा म्हणतो आणि तेव्हा खरंच कुणी ऐकत नसतं. एक अक्षर न बदलता दोष इकडून तिकडे सरकतो.

आणि शेवटच्या कडव्यात सगळ्यांची गळाभेट घालू नका, निदान "थेट"ला "भेट" जुळते एवढ्यासाठी तरी नको.