हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि कोरोनाची शंका आहे? या चुका टाळा

बायपास झालेल्या किंवा झडप बदललेल्या माणसाला दम लागला की घरचे म्हणतात, "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, लागणारच." खोकला आला की नव्या गोळीवर खापर, कणकण आली की अशक्तपणा. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, आणि म्हणूनच फसगत होते. उलटही घडतं: सगळं कोरोनाच्या नावावर टाकलं जातं आणि छातीच्या जखमेतला संसर्ग वाढत राहतो.

ताप येईपर्यंत थांबणं

वयस्कर रुग्णांत कोरोना कधीकधी तापाशिवायच येतो. भूक मरते, बोलण्यात गोंधळ होतो, माणूस एकाएकी गळून जातो. त्यात मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ती ठोके आवरून धरते. आजार वाढत असतानाही नाडी शांत दिसू शकते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. वास आणि चव गेली नाही म्हणजे कोरोना नाही, असंही समजू नका. ओमायक्रॉनपासून घसा खवखवणं आणि नाक वाहणं जास्त दिसतं.

दम लागण्याला एकच कारण चिकटवणं

आडवं पडलं की दम वाढतो, उठून बसलं की बरं वाटतं, पाय सुजलेत, दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढलंय, तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता मोठी. सोबत अंगदुखी, घसादुखी किंवा घरात कुणी आजारी असेल तर कोरोनाची चाचणी हवीच. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, कारण संसर्गाचा ताण आधीच नाजूक असलेल्या हृदयावर पडतो. रॅपिड चाचणी निगेटिव्ह आली तरी लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नखाला रंग नको. ठोके अनियमित असतील तर आकडा हलतो, म्हणून थोडा वेळ थांबून वाचा. आकडा ९४ च्या खाली राहत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. तब्येत ठणठणीत असतानाचा स्वतःचा आकडा, वजन आणि नाडी लिहून ठेवली असेल तर आजारपणात तुलना करता येते. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

झडप बदललेल्यांनी घरातलं अँटिबायोटिक घेणं

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. कृत्रिम झडपेवर जंतू बसले तर ताप, थंडी, घाम आणि थकवा येतो. चित्र अगदी साध्या व्हायरल तापासारखं. त्याचं निदान रक्ताच्या कल्चरवर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीवर) बरंचसं अवलंबून असतं, आणि आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं तर कल्चरमध्ये जंतू सापडेनासे होतात. कोरोना विषाणूवर तर या गोळ्यांचा काहीच उपयोग नाही. ताप रेंगाळला, किंवा उतरून पुन्हा आला, तर कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह असली तरी "झडप बदललेली आहे" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

गोळ्या स्वतःहून बंद करणं किंवा वाढवणं

२०२० मध्ये रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोरोना बळावतो अशी भीती पसरली होती. नंतरच्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही. रामिप्रिलने कोरडा खोकला येतो हे खरं, पण त्यासोबत ताप येत नाही. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) असताना रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी आजारपणात आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा; तो वर गेला की रक्तस्रावाचा धोका वाढतो) लवकर तपासून घ्यावा. जेवण कमी झालं, अँटिबायोटिक सुरू झालं किंवा पॅरासिटामॉल रोज घ्यावं लागलं तरी तो वर जाऊ शकतो. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. सर्दीच्या ज्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, त्यांनी रक्तदाब वाढू शकतो. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर हे कोरोनाचं औषध टिकाग्रेलोर (रक्त पातळ ठेवणारी गोळी), ॲमिओडॅरोन (ठोके नियमित ठेवणारी गोळी) आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जुळत नाही, म्हणून लिहून देणाऱ्याला गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. जुलाब किंवा उलट्या होत असतील तर लघवीच्या गोळीचं काय करायचं, हे फोन करून विचारा.

ऑपरेशन ताजं असताना

खोकताना छातीशी उशी घट्ट धरा, ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड जुळायला आठवडे लागतात. जखम लाल झाली, पू आला किंवा हाडात कटकट जाणवली तर सर्जनला दाखवा. छातीत दाब, शुद्ध हरपणं, ओठ निळसर होणं किंवा बोलतानाही धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर चाचणीच्या निकालाची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा.