जुनी गाडी विकताय? गॅरेजच्या आधी भाव काढा

गाडी धुवा, डिकी रिकामी करा, कागद एका फायलीत लावा. हे कुणालाही सुचतं. सुचत नाही ते हे: गाडीला पाना लागण्याआधी ती आहे तशी दाखवून भाव काढायचा. गेल्या वेळी माझं हेच राहिलं. आधी डेंटिंग-पेंटिंग आणि सस्पेन्शन उरकलं, मग गिऱ्हाईक शोधलं. आधीचा भावच हातात नव्हता, त्यामुळे घातलेल्या पैशांतले किती परत आले ते कळायला मार्ग उरला नाही.

तर आधी भाव. जुन्या गाड्यांचे एक-दोन व्यापारी, एखादी ऑनलाइन खरेदी करणारी कंपनी, ओळखीतलं कुणी घेणारं असेल तर तेही. सगळ्यांना गाडी त्याच अवस्थेत दाखवा, दोष स्वतःहून सांगा, आकडा लिहून ठेवा. आणि विचारा, "क्लच नवा टाकून दिला तर किती वाढवाल?" वाढ बहुतेक वेळा क्लचच्या खर्चाहून कमी निघते, कारण व्यापाऱ्याचं गॅरेज ठरलेलं असतं आणि तेच काम त्याला स्वस्तात पडतं.

मग आपल्या मेकॅनिककडून लेखी एस्टिमेट, पार्ट वेगळे, मजुरी वेगळी. वाढीचा आकडा खर्चापेक्षा चांगला जास्त असेल तरच काम करा. बरोबरीत असेल तर नको. एक खोललं की दुसरं निघतं. काम केलं नाही तरी एस्टिमेट जपून ठेवा. समोरचा क्लचच्या नावाखाली मनाला येईल तेवढे कापू लागला की तो कागद पुढे करता येतो. पण आहे तसा भाव काढला नसेल तर हे एस्टिमेट कशाशी ताडून बघणार?

पूर्ण गाडी नव्याने रंगवू नका. तपासणारे रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावतात, आणि एका दारावर रंग जाड निघाला की अपघाताचा संशय येतो. मूळ रंगावरचा ओरखडा परवडतो, रबिंग-पॉलिश पुरे. विकण्यासाठी म्हणून नवे टायर घालू नका. ब्रेक मात्र भाव न बघता दुरुस्त करा, टेस्ट ड्राइव्हला माणसं बसणार आहेत. तार दिसणारा टायर असेल तर तोही बदला. बॅटरी उतरत असेल तर बदला, बंद पडलेले दिवे लावा. इंजिनचा दिवा लागत असेल तर स्कॅनरने कारण शोधा. नुसता बिघाडाचा कोड पुसला तर थोडं चालवल्यावर दिवा परत लागतो आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. धूर लपवायला इंजिनात काहीबाही ओतणं ही सरळ फसवणूक आहे.

"डेंट इन्शुरन्समधून काढून घेऊ" असं कुणी सुचवेल. थांबा! क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) प्रीमियमवर 50 टक्क्यांपर्यंत सूट. विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं नव्या गाडीला चालतं. एका दारासाठी तो घालवू नका.

आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) 15 वर्षं संपत आली असतील तर दुरुस्तीचा विचार सोडा. फिटनेस तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर भाव खाली आणतातच. आहे तशी विका, नाहीतर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचाही भाव विचारा.

अजून गॅरेजला फोन केला नाहीत ना? आधी भाव.

कागद: कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बोजा (कर्जाची नोंद) उतरलाय का बघा, नसेल तर बँकेची एनओसी आणि तो उतरवण्याचा फॉर्म 35. ई-चलन भरा. पीयूसी, विमा चालू हवा. 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 सही करून कोरे देऊ नका. फास्टॅग बंद करा. आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत अपघाताच्या भरपाईत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसं स्पष्ट केलंय. म्हणून नाव बदललेलं स्वतः ऑनलाइन तपासा.