झोपेची गोळी मागायच्या आधी एवढं बघा

मेडिकलच्या काउंटरला उभा असतो म्हणून सांगतो, आमच्या बेळगावात "मला डिप्रेशन आलंय" म्हणत कोण येत नाही. येतात ते "डोकं लई जड झालंय", "छातीत धडधडतंय", "ॲसिडिटी जाईना झालीय" असं म्हणत, आणि जाता जाता हळूच, "झोपेची एक गोळी दे की गा." वडगावचा मागावर विणणारा असूदे नाहीतर उद्यमबागला नाइट शिफ्ट करणारा पोरगा, तक्रार डोक्याची, पोटाची, पाठीची. त्यामुळं घरात कोण रडत नाही म्हणजे सगळं बरं चाललंय असं धरू नका. बाप्यांचं तर रडण्यापेक्षा चिडण्यातनं आणि दारूतनंच जास्त बाहेर पडतं.

मग ओळखायचं कसं? झोप, भूक, काम आणि माणसं, या चार गोष्टींवर नजर ठेवा. पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा लागत नाही, जेवण नुस्तं ढकलायचं म्हणून ढकलायचं, रोजचं काम डोंगराएवढं वाटतं, कोण घरी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचं. हे सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ असेल तर दाखवायला पाहिजे, डॉक्टरपण साधारण हाच हिशोब धरतात. उसाचं बिल अडकलं म्हणून चार दिवस घास गोड लागला नाही तर त्याला आजार म्हणत नाहीत, पण बिल जमा झालं, देणी भागली आणि तरी माणूस तसाच भिंतीला टेकून बसलाय, मग विषय वेगळा.

त्यातपण थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी १२ एकदा तपासून घ्या, कारण यांची गडबड असली तरी माणूस असाच गळून जातो. छातीत पहिल्यांदाच धडधडलं, घाम फुटला, तर आधी ईसीजी. तो नॉर्मल आला आणि तसंच परत परत व्हायला लागलं तर तो पॅनिक अटॅक, म्हणजे घबराटीचा झटका, असू शकतो, साधारण दहा मिनिटांत चढतो आणि मग आपोआप उतरतो. तेवढ्यात श्वास सोडायचा तो घेण्यापेक्षा लांब सोडायचा, मोठमोठे श्वास घेत बसला तर उलट चक्कर येते.

आता त्या गोळीचं. अल्प्राझोलाम वगैरे चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, आणि "शेजारणीला चालली" म्हणून तर मुळीच नाही. रोज घेतली की सवय लागते, मग एकदम बंद केली की झोप आणखीनच उडते. पेग मारून झोप लवकर लागते हे खरं, पण मध्यरात्रीनंतर तीच दारू झोप मोडते. त्यापेक्षा उठायची वेळ पक्की करा, रात्र कशीपण गेली तरी सकाळी त्याच वेळेला उठायचं. दुपारी चारनंतर चहा बंद (हे आमच्याकडं कोण ऐकत नाही, मला माहीत आहे). खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा उघडीप मिळाली की अंगणात तरी फिरून या.

घरातल्या माणसाला विचारायचं कसं, यात बहुतेक जण चुकतात. "तुला काय कमी केलंय आम्ही?" हे विचारायचंच नाही, त्यानं तोंड बंद होतं. समोर बसवून चौकशी करण्यापेक्षा शेताकडं जाता जाता म्हणा, "झोपत नाहीस न्हवं अलीकडं? काय चाललंय डोक्यात?" आणि मग गप्प बसा, लगेच सल्ला नको. जीव नकोसा वाटतोय का, हेसुद्धा सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात तसलं काय भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, औषध फवारणीचे डबे त्याच दिवशी घरातनं हलवून दुसरीकडं कुलपात ठेवा आणि डॉक्टरकडं न्या.

जायचं कुठं? घरबसल्या पाहिजे तर टेलिमानस ही सरकारी फोनसेवा, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतनं बोलता येतं. बेळगावात सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्य योजनेखाली मंगळवारी मानसोपचार डॉक्टर येतात, पण निघायच्या आधी आपल्या आशाताईला विचारून खात्री करा. जास्तच असेल तर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल, बायकांना कर्नाटकाच्या शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला तिकीट नाही, आधार तेवढं बरोबर ठेवा. डॉक्टर कन्नड बोलणारे असले आणि आपल्याला नीट सांगता येत नसलं तर दोन्ही भाषा येणारं कोणतरी बरोबर न्या, पण सासू किंवा नवराच नको, काय गोष्टी त्यांच्यासमोर निघतच नाहीत. कधीपासून त्रास आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दारू किती, हे आधीच कागदावर लिहून न्या.

सौंदत्तीला यल्लम्माला जायचंय तर खुशाल जा, मी कशाला अडवू. फक्त देवाला गेलो म्हणून गोळ्या सोडू नका. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तपण लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळतं, तिथंच बरेच लोक "गरम पडली" म्हणून सोडून देतात. उदासीवरच्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावत नाहीत. बरं वाटायला लागल्यावरसुद्धा बरेच महिने चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरला विचारून, हळूहळू कमी करत. त्रास झाला तर पुढच्या तारखेची वाट न बघता ती गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन दाखवायला जा, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते.