चालढकल म्हणजे आळस नव्हे: या चुका टाळा

पुण्यात नवी पेठ आणि सदाशिव पेठेत गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. तिथल्या मुलांना मी उत्तरलेखन शिकवतो. घरच्यांचे फोन येतात तेव्हा वडिलांचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "सर, पोरगं आळशी झालंय, जरा झाडा त्याला." दहा-दहा तास खुर्ची न सोडणाऱ्या मुलाबद्दल हे ऐकलं की मला वाईट वाटतं.

चालढकलीला आळस समजून रागावणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. आळशी माणूस काम टाळून मजेत असतो. दुपारी जेवून झोपला की काम राहिल्याची रुखरुख त्याला लागत नाही. चालढकल करणाऱ्याला काम करायचं असतं, न झाल्याचं मनाला लागत असतं, तरीही तो दुसरंच काहीतरी करत बसतो. ते दुसरं बहुतेकदा उपयोगाचंच असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

एक मुलगा अभ्यासिका उघडायच्या आधी दारात उभा असायचा. टेबलासमोर राज्यघटनेच्या कलमांचा तक्ता, चार रंगांच्या पेनांनी काढलेल्या नोट्स. 2025 पासून एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. आधी पर्याय निवडून गोल काळे करायचे होते, आता पानंच्या पानं लिहायची, नुसत्या निबंधालाच 250 गुण. पण या मुलाने एकही उत्तर लिहून दाखवलं नव्हतं. "सर, पंचायत राज अजून एकदा वाचतो, मग लिहितो." पंचायत राज झालं की चालू घडामोडी. शेवटी वडील गावाहून आले आणि जिन्यात सगळ्यांदेखत त्याला नको नको ते बोलले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा रात्री उशिरापर्यंत बसू लागला. वाचन वाढलं, लेखन शून्यच.

मग मी त्याच्या शेजारी बसलो. पंचायत राजच्या 73व्या घटनादुरुस्तीवर दहा गुणांचा प्रश्न दिला, सात मिनिटं लावली आणि म्हटलं, "वाईट लिही, पण लिही." पहिली ओळ त्याने तीनदा खोडली. मग मान खाली घालून म्हणाला, "सर, मला येत नाही हे कागदावर दिसेल." सात मिनिटांत अर्धं पान झालं. अकरावी अनुसूची, 29 विषय, सगळं बरोबर. प्रश्न ग्रामपंचायतींच्या पैशाबद्दल होता, त्यावर फक्त दोन ओळी. म्हणजे दुरुस्त करण्याजोगी एक नेमकी उणीव हाती आली. ती आणखी वाचून कधीच सापडली नसती.

फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये हेच मांडलं: चालढकलीत माणूस कामापेक्षा त्या कामाने येणारी नकोशी भावना तेवढ्यापुरती टाळत असतो. त्याआधी 2010 मध्ये पिचिल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं होतं की पहिल्या परीक्षेवेळच्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची पुढच्या परीक्षेवेळची चालढकल कमी झाली. जिन्यातल्या बोलण्याने काय साधलं असेल ते यावरून समजावं.

नवं वेळापत्रक आखणं

नवीन मुलांना याची फार घाई असते. सोमवारपासून, एक तारखेपासून, दिवाळी झाली की. पहाटे चारचं वेळापत्रक आखलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि तेवढ्यावर दिवस निघतो. मी आखूच देत नाही. रात्री उठताना उद्याचा पहिला प्रश्न वहीच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवायचा, पेन त्यावरच ठेवायचं. सकाळी चहाच्या आधी ते पान भरायचं. बाकी दिवस कसाही जावो.

अडलं की पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक गाठणं

नवं पुस्तक आणून अडलेलं उत्तर लिहून होत नाही. आहे ते पुस्तक पुरेसं आहे.

प्रेरणेचे व्हिडिओ

बंद करा. त्यांनी आलेला जोर खोलीवर पोहोचेपर्यंत टिकत नाही.

खऱ्या आळसाला चालढकल म्हणून पाठीशी घालणं

हेही हल्ली होतं. ज्याला ही परीक्षा मुळात नकोच आहे, त्याला सात मिनिटं लावून काही होत नाही. त्याच्याशी घरच्यांनी खर्च आणि मुदत स्पष्ट बोलावी.

थकव्याला आणि आजाराला आळस म्हणणं

मेसचं अर्धपोटी जेवण आणि पाच तासांची झोप यावर डोकं चालत नाही. आधी आठवडाभर नीट झोपा, मग स्वतःला दोष द्या. आणि दोन-दोन आठवडे झोप उडाली, भूक मेली, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर लावलेला असावा.