मायक्रोस्कोपमधला डाग नेमका कुठे आहे?
बडोद्यात पावसाळा लागला की आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपात डाग दिसू लागतात आणि मुलं सरसकट सगळ्याच लेन्स पुसत सुटतात. आधी डाग कुठे आहे ते शोधा.

१. स्लाइड किंचित सरकवा. डागही सरकला, तर घाण स्लाइडवर.
२. नाही सरकला? डोळा लावूनच आयपीस (डोळ्याजवळची लेन्स) बोटांनी फिरवा. डाग गोल फिरला, तर आयपीसच पुसायचा. बहुतेकदा काजळ निघतं!
३. तरी हलेना, तर ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची लेन्स) बदला. डाग गेला, तर आधीचीच लेन्स मळलेली.

४०एक्सच्या (४० पट मोठं दाखवणाऱ्या) ऑब्जेक्टिव्हचं चित्र नुसतंच धुरकट दिसत असेल, तर बहुतेकदा त्या लेन्सला १००एक्सच्या ऑब्जेक्टिव्हसाठी स्लाइडवर टाकतात ते तेल लागलेलं असतं.

पुसायला लेन्स पेपरच घ्या. ओढणीच्या टोकाने पुसलेल्या आयपीसवरचे ओरखडे आमच्याकडे अजून आहेत.