मायक्रोलाइटने, म्हणजे छोट्या हलक्या विमानाने, लांब निघताय? विमान जमिनीला बांधायच्या खुंट्या घेतल्या का?

मागच्या वेळी प्लॅन चार दिवसांचा होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारीच आटोपला आणि विमान ट्रेलरवर घालून घरी आणावं लागलं. इंजिनने दगा दिला नाही, हवेत काही म्हणजे काही बिघडलं नाही. जमिनीवर गपचूप उभं असलेलं विमान वाऱ्याने उचललं, आणि बांधायला माझ्याकडे ना दोर ना खुंट्या. म्हणून ही यादी. खुंट्यांचं मध्येमध्ये परत येणार आहे, वैतागलात तरी चालेल.

राहिल्या कशा, तर वजनामुळे. आमचं ट्राइक (वर कापडी पंख, खाली तीन चाकांची गाडी, असं मायक्रोलाइट) दोन सीटचं, सगळ्यासकट कमाल 450 किलो. रिकामं 225, दोन माणसं कपडे-हेल्मेटसकट 165, उरले 60. पेट्रोल लिटरला साधारण 0.72 किलो, म्हणजे 50 लिटरचे 36 गेले, हातात राहिले 24 किलो, त्यात टूल्स, ऑइल, पाणी, कपडे, सगळं. तर हँगरमध्ये एकेक पिशवी काट्यावर ठेवत होतो, खुंट्यांची अडीच किलोची पिशवी 'नंतर बघू' म्हणून बाजूला सरकवली आणि ती तिथेच राहिली. कॅमेऱ्याची जादा लेन्स मात्र बरोबर आली! वजन करायचंच, अंदाजाने चालत नाही, पण कमी करायचं तर कपडे कमी करा, लेन्स काढा. खुंट्या काढायच्या नाहीत.

कारण साधं आहे. हे विमान ताशी 65 किलोमीटरच्या आसपास उडायला लागतं. मग उभं असताना 65 चा झोत आला तरी ते उडणारच, आत तुम्ही बसलाय की नाही याच्याशी पंखाला काही देणंघेणं नाही. आणि गडगडाटी ढगाचा वारा ढगाच्या बराच आधी येऊन पोचतो. आम्ही उतरलो तेव्हा विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) लोळत पडला होता, पाऊस लांब कुठेतरी दिसत होता, म्हटलं तासभर आराम करू. पहिला झोत आला तेव्हा दोघं धावत जाऊन पंखाच्या टोकाला लोंबकळलो, तासभर तसेच. मग वाऱ्याने दिशा बदलली, दुसरं टोक जमिनीवर आपटलं आणि पंखाची पुढची नळी वाकली. संपलं.

तर काय घ्यायचं: गवताळ मऊ जमिनीसाठी पिळाच्या, स्क्रूसारख्या फिरवून घुसणाऱ्या खुंट्या, कडक जमिनीसाठी ठोकायच्या लोखंडी आणि बरोबर हातोडी (दगड सापडेल म्हणू नका, धावपट्टीवर दगड नसतात, नसावेतच). दोर नायलॉनचा. काथ्याचा दोर भिजला की आखडतो आणि पंखावर ताण येतो. शिवाय दोन रिकाम्या जाड पिशव्या, जिथे खुंटी घुसतच नाही तिथे वाळू-माती भरून बांधायला. आणि ट्राइक उभं करताना वारा आडवा घ्यायचा, वाऱ्याकडचा पंख खाली, बार (हातात धरून पंख वळवायचा दांडा) ट्राइकच्या पुढच्या दांड्याला बांधलेला. जोर फारच वाढणार असेल तर पंख जमिनीवर उतरवूनच ठेवा, कंटाळा करू नका.

पेट्रोल. आधी फोन करून विचारायचं की तिथे मिळतं का आणि त्या वेळी द्यायला कोणी असेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाळी असलेलं नरसाळं स्वतःचं. दुसऱ्याच्या कॅनवर विश्वास नको. प्लॅस्टिकचा कॅन भरताना जमिनीवर ठेवूनच भरायचा. टू-स्ट्रोक असेल आणि ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं असेल तर 50 ला 1, म्हणजे 20 लिटरला 400 मिली, आणि ते ऑइल तुमच्याजवळच हवं. रोटॅक्स 912 इंजिनवाल्यांनी अ‍ॅवगॅस (विमानाचं शिसंवालं पेट्रोल) जास्त जाळलं तर ऑइल लवकर बदलायचं, त्यातलं शिसं साचतं. ऑइल बघताना इग्निशन बंद, प्रॉपेलर हाताने सरळ दिशेनेच, ऑइलच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. उलटा फिरवायचा नाही.

अंतर नव्हे, वेळ मोजा. आमचा सरळ उडतानाचा वेग 55 नॉट्स (तासाला 55 नॉटिकल मैल), 100 नॉटिकल मैलांना 110 मिनिटं. समोरून 20 नॉट्सचा वारा लागला की तेच 171 मिनिटं होतात, तासाला 13 लिटरने 37 लिटर गेले आणि टाकीत जेमतेम तासाभराचं उरलं. कागदावर दोन तासांच्या वरचा टप्पा आखूच नका. आणि मूत्राशय नावाची गोष्ट असते, ती टाकीच्या आधी संपते, किंवा भरते म्हणा.

प्रॉपेलर मागे असतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक वरच्या खिशात पेन ठेवतात. हातातून सुटलेलं काहीही थेट पात्यात जातं. मोजे, फोन, नकाशा, चष्मा, सगळ्याला दोरी. खिशांना चेन.

थंडी: हजार फुटांना साधारण 2 अंश उतरतात, त्यात तोंडावर वारा. खाली घाम येत असला तरी हातमोजे घालूनच निघा, बोटं बधिर झाली की बारही नीट कळत नाही.

कागदपत्रं, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), हवामान, तुम्हाला माहितीये. कागदी नकाशा हवाच, टॅब्लेट उन्हात तापून बंद पडतो. बीकन (संकटात सिग्नल पाठवणारं यंत्र) 406 मेगाहर्ट्झवाला आणि नावावर नोंदवलेला. जुन्या 121.5 चा सिग्नल उपग्रह 2009 पासून ऐकत नाहीत.

निघायचं पहाटे, दुपारी जमीन तापली की धक्के खात जावं लागतं. सूर्यास्ताच्या तासभर आधी खाली. स्पार्क प्लग जादा. पॉवर बँक. पाणी.

उतरल्यावर आधी विमान बांधायचं, मग चहा, मग फोन. वारा नसला तरी. विंडसॉक लोळत असला तरी.

खुंट्यांची पिशवी आता मागच्या सीटखाली पट्ट्याने अडकवलीये, काट्यावर वजन होतं ते तिच्यासकटच.